हातमोजा आणि दिवाणखाना : ‘आंधळ्यांची शाळा’चा १९३३ मधील प्रयोग

मराठी नाटकाच्या इतिहासावरील बहुतेक पाठ्यपुस्तकांत १९३३ या सालापाशी एक ठरलेले विधान भेटते. १ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने मुंबईत ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगभूमीवर आणले आणि मराठीत इब्सेनचे तंत्र अवतरले, असे ते विधान. आमचे विद्यार्थी ते पाठ करतात, उत्तरपत्रिकेत उतरवतात आणि त्यांना त्याचे गुणही मिळतात. त्यातील तारीख बरोबर आहे, संस्थेचे नावही बरोबर आहे. इब्सेनचे नाव मात्र तेथे अर्ध्याच हक्काने आलेले आहे. श्रीधर विनायक वर्तक यांनी ज्या नाटकाच्या आधारे ‘आंधळ्यांची शाळा’ लिहिले, ते नॉर्वेचेच, पण इब्सेनचे नव्हे. ते ब्यॉर्नस्टिएर्ने ब्यॉर्न्सन या नाटककाराचे. मूळ नॉर्वेजियन नाव ‘एन हान्स्के’, म्हणजे ‘एक हातमोजा’. इंग्रजी अनुवादात ते ‘अ गाँटलेट’ झाले.

नावांची ही चूकभूल किरकोळ म्हणून सोडून देता आली असती. पण तिच्यामागे एक सवय आहे. या प्रयोगातील दिवाणखाना, खुर्च्या, दारे-खिडक्या, पार्श्वसंगीत हे सारे आपण नीट लक्षात ठेवले. ज्या प्रश्नासाठी हे नाटक लिहिले गेले, तो प्रश्न हळूहळू टिपणांतून गळून गेला. ‘इब्सेनचे तंत्र’ म्हटले की चर्चा तंत्रापाशीच थांबते. ब्यॉर्न्सनच्या नाटकात काय म्हटले आहे ते विचारण्याची वेळच येत नाही. म्हणून आधी तो प्रश्न पाहू, मग प्रयोगाकडे वळू.

ब्यॉर्न्सन (१८३२–१९१०) आणि इब्सेन (१८२८–१९०६) हे समकालीन. कधी स्नेही, कधी प्रतिस्पर्धी, आणि १८९२ पासून व्याही, कारण इब्सेनचा मुलगा सिगुर्ड याचे लग्न ब्यॉर्न्सनची मुलगी बेर्गलिओट हिच्याशी झाले. आपल्या हयातीत आपल्याच देशात ब्यॉर्न्सनचा दबदबा मोठा होता. नॉर्वेचे राष्ट्रगीत त्याचे आहे. १९०३ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. इब्सेनला ते कधीच मिळाले नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पद्य आणि वीरगाथा बाजूला ठेवून, आपल्या काळातल्या माणसांचे आपल्या काळातले प्रश्न साध्या गद्यात रंगभूमीवर मांडण्याचे काम ब्यॉर्न्सनने १८७५ सालीच सुरू केले. त्या वर्षीच्या त्याच्या ‘दिवाळखोरी’ या नाटकात बुडत्या व्यापाऱ्याचे घर दाखवले आहे. इब्सेनचे ‘समाजाचे आधारस्तंभ’ त्यानंतर दोन वर्षांनी आले आणि ‘बाहुलीचे घर’ १८७९ मध्ये. जगाने पुढे इब्सेनला डोक्यावर घेतले आणि ब्यॉर्न्सन मागे पडला. नाटककार म्हणून इब्सेन थोर खराच. पण वाट आधी कोणी मळवली तेही कुठेतरी नोंदवले पाहिजे.

‘एन हान्स्के’ १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची नायिका स्वावा रीस ही सुखवस्तू घरातली, मनाने स्वतंत्र तरुणी आहे. लहान मुलांसाठी बालवाड्या चालवण्याचे काम तिने अंगावर घेतले आहे. आल्फ क्रिस्टेन्सन या धनिकपुत्राशी तिचा वाङ्निश्चय होतो. दोन्ही घरे आनंदात आहेत. मग एक मनुष्य दारात येतो आणि आल्फच्या पूर्वीच्या एका संबंधाचे प्रकरण उघड होते. त्यातली स्त्री आता जिवंत नाही. तिच्या नवऱ्याजवळ पत्रे आहेत.

येथपर्यंतची गोष्ट कोणत्याही कौटुंबिक नाटकात बसेल. पुढे जे घडते ते वेगळे आहे. स्वावा रडून बाजूला होत नाही आणि क्षमाही करत नाही. ती सरळ हिशेब मागते. लग्नाआधी मुलीच्या चारित्र्याची जी चौकशी होते, तीच मुलाची का होऊ नये? पुरुषाने स्त्रीचा भूतकाळ आणि भविष्यकाळ दोन्ही मागायचे आणि स्त्रीने मात्र पुरुषाच्या भविष्यावरच समाधान मानायचे, हा न्याय कोणत्या तराजूतला? दोन्ही घरची वडीलधारी माणसे तिला समजावतात. जग असेच आहे, पुरुष असेच असतात, एवढ्यातेवढ्यासाठी कोणी सोयरीक मोडते का, असे सारे सूर लागतात. शेवटी आल्फ समोर येतो, तेव्हा ती हातातला मोजा काढून त्याच्या तोंडावर फेकते.

माझ्या दृष्टीने नाटकाचा खरा गाभा त्यानंतर उघडतो. स्वावाचे वडील रीस हेही त्याच वाटेने गेलेले आहेत आणि तिच्या आईने ते वर्षानुवर्षे गिळलेले आहे, हे तिला कळते. मुलीसमोर आईबापाच्या सुखी संसाराचे चित्र उभे राहावे म्हणून आई गप्प बसली. त्या गप्प बसण्यातून मुलगी जे शिकली, त्याच्याच बळावर ती आज उभी आहे, आणि ते तर रंगवलेला पडदा निघाले. आल्फचा अपराध हा एका माणसाचा. पण आईच्या मौनात सगळी व्यवस्था आहे. ब्यॉर्न्सनला इब्सेनइतके खोल जाता येत नाही असे टीकाकार म्हणतात. या आईपुरते तरी ते मला मान्य नाही.

नाटकाने स्कँडिनेव्हियात वादळ उठवले. स्त्री-पुरुषांच्या नीतीचे माप एकच असावे की नसावे यावर पुढची काही वर्षे तिकडचे लेखक एकमेकांवर तुटून पडले. गेओर्ग ब्रांडेससारखा समीक्षक ब्यॉर्न्सनच्या विरुद्ध गेला. स्वीडनच्या स्ट्रिंडबेर्गने १८८४ मध्ये ‘लग्ने’ या अर्थाच्या नावाचा कथासंग्रह काढून असल्या नाटकांची टर उडवली. त्याच वर्षी नॉर्वेत स्त्रियांच्या हक्कांसाठी पहिली राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १८८७–८८ मध्ये ब्यॉर्न्सन स्वतः गावोगाव फिरून एकपत्नीत्व आणि बहुपत्नीत्व या विषयावर व्याख्याने देऊ लागला. आपल्याकडे आगरकर ‘सुधारक’ काढत होते, त्याच सुमाराची ही गोष्ट.

नाटकाच्या शेवटाबद्दल थोडे सांगितले पाहिजे. १८८३ च्या संहितेच्या अखेरीस समेटाची एक फट उघडी होती. आल्फने वाट पाहावी, बदलून दाखवावे, मग कदाचित जमेल, असा सूर होता. पुढे रंगभूमीसाठी नाटक फेरून लिहिताना ब्यॉर्न्सनने ती फट बुजवली आणि स्वावाला ठाम नकार देऊ दिला. याच्या उलट गोष्ट इब्सेनच्या वाट्याला आली होती. ‘बाहुलीचे घर’ जर्मनीत होणार होते. नोराची भूमिका करणारी हेडविग नीमान-राबे हिने मुलांना सोडून जाणारी आई करण्यास नकार दिला. दुसऱ्या कोणीतरी शेवट बदलण्यापेक्षा आपणच बदललेला बरा म्हणून इब्सेनने १८८० मध्ये एक पर्यायी शेवट लिहून दिला आणि तो रानटी अत्याचार आहे असे स्वतःच जाहीर केले. त्या शेवटात नोरा मुलांच्या खोलीच्या दारापाशी कोसळते आणि घरातच राहते. एका नाटककाराला आपला शेवट नाइलाजाने मऊ करावा लागला, दुसऱ्याने आपखुशीने कठोर केला. रूपांतरकाराने कोणता शेवट पत्करावा, हा प्रश्न या दोन नाटकांच्या जन्मापासूनच त्यांना चिकटलेला आहे.

हे नाटक मुंबईत पोहोचले ते इंग्रजीच्या वाटेने. नॉर्वेजियन जाणणारा मराठी नाटककार त्या काळी कोठून असणार? पण ते १९३३ मध्येच का पोहोचले, हे समजण्यासाठी त्या वेळच्या मराठी रंगभूमीची अवस्था पाहावी लागते. नाटक मंडळ्यांचे वैभवाचे दिवस सरत आले होते. १९३२ मध्ये ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आला आणि नाटकाला जाणारा प्रेक्षक सिनेमाच्या रांगेत उभा राहिला. रात्रभर चालणारी, पदांवर पदे आणि वन्समोअरवर वन्समोअर घेणारी नाटके सुशिक्षित तरुणांना जड होऊ लागली होती. त्याच १९३३ मध्ये अत्रे यांचे ‘साष्टांग नमस्कार’ आले. त्या प्रहसनाने लोकांना खळखळून हसवले आणि बंद पडू पाहणारे नाट्यगृह निदान हसण्यासाठी तरी उघडे ठेवले.

अशा वेळी वर्तक, के. नारायण काळे, अनंत काणेकर, पार्श्वनाथ आळतेकर, केशवराव दाते, केशवराव भोळे ही मंडळी एकत्र आली. यांतले दाते मुरलेले नट. ‘महाराष्ट्र नाटक मंडळी’त स्त्रीभूमिकांपासून त्यांनी सुरुवात केली होती. काणेकर कवी आणि वकील. भोळे गायक आणि संगीताचे मर्मज्ञ; ‘एकलव्य’ या टोपणनावाने त्यांनी गायकांवर जे लिहिले ते आजही वाचनीय आहे. संस्थेला त्यांनी ‘मंडळी’ म्हटले नाही. ‘नाट्यमन्वंतर लिमिटेड’ असे नाव दिले. मन्वंतर म्हणजे एका मनूची कारकीर्द. ती संपली की नवा मनू, नवे युग. पुढे ‘लिमिटेड’. पुराणातला शब्द आणि कंपनी कायद्यातला शब्द एकाच पाटीवर, हे त्या पिढीचे चित्र म्हणून मला नेहमी बोलके वाटते.

पडदा वर गेला तेव्हा प्रेक्षकांना काय दिसले? नांदी नाही, सूत्रधार-नटी नाहीत. रंगवलेले गुंडाळपडदेही नाहीत. मध्यमवर्गीय घरातला एक दिवाणखाना आहे, तीन बाजूंनी भिंती आहेत, दाराला कडी आहे, माणसे त्या दारातून आत येतात आणि खुर्चीवर बसून बोलतात. एका अंकात एकच प्रवेश, त्यामुळे मध्ये ‘रस्ता’चा पडदा टाकून मागे सामान हलवण्याची गरज उरली नाही. आपल्याकडे उत्सवी नाटकांची सीनसिनेरी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या बदलाची किंमत चटकन कळेल. राजवाडा, अरण्य, रस्ता आणि घर असे चार पडदे घेऊन गावोगाव फिरणारा मालक आमच्या डिचोली-पेडण्याकडील जत्रांना नवा नाही. ‘घर’ या पडद्यावर कपाट असते, ते उघडत नाही. खिडकी असते, तिच्यातून कोणी डोकावत नाही. अशा पडद्यापुढे नट उभा राहून प्रेक्षकांकडे तोंड करून बोलतो, कारण मागे वळून पाहण्यासारखे तेथे काही नसतेच. खरी भिंत आणि खरे दार आले की नटाला एकदम घर मिळते. तो पाठमोरा होऊ शकतो, दाराशी थबकू शकतो, गप्प बसू शकतो. ब्यॉर्न्सनच्या नाटकातली आई पडद्यापुढे उभी राहून गप्प बसली असती, तर नटी संवाद विसरली असेच प्रेक्षकांना वाटले असते.

संगीतात भोळे यांनी जे केले ते अधिक धाडसी म्हणावे लागेल. संगीत नाटकाच्या माहेरघरात त्यांनी गाण्यांची संख्या अगदी थोडी ठेवली. काणेकरांची भावगीताच्या वळणाची पदे होती आणि पात्राच्या मनःस्थितीतून ती सहज यावीत अशी त्यांची मांडणी होती. तान-पलट्यांनी प्रसंग थांबवायचा नाही, हा दंडक. शिवाय संवादांच्या मागे, प्रसंगाचा रंग गडद करण्यासाठी वाद्यसंगीताचा उपयोग त्यांनी केला. आज पार्श्वसंगीत नसलेली मालिका आपल्याला पाहवत नाही, इतके ते अंगवळणी पडले आहे (आणि खरे सांगायचे तर इतके कर्कश झाले आहे). त्या वेळी मराठी प्रेक्षकाला नाटकातली वाद्ये ठाऊक होती ती गाण्याला साथ करणारी.

आता स्त्रियांविषयी. या नाटकात स्त्रीभूमिका स्त्रियांनी केल्या, याचा उल्लेख सगळे करतात. ‘स्त्रीने रंगभूमीवर येण्याची ही पहिलीच वेळ’ असेही काही जण बेधडक लिहितात. ते बरोबर नाही. हिराबाई बडोदेकर आणि त्यांच्या भावंडांनी चार वर्षे आधीच आपली नाटक मंडळी काढून स्त्री-पुरुषांची मिश्र नाटके केली होती. स्त्रियांच्याच नाटक मंडळ्या तर त्याहून जुन्या. ‘नाट्यमन्वंतर’चे वेगळेपण असे की पद्मावती वर्तक यांच्यासारखी सुशिक्षित गृहिणी येथे नटी म्हणून उभी राहिली, आणि तिच्याबरोबर होती एकोणीस वर्षांची एक गोमंतकीय गायिका, ज्योत्स्ना भोळे.

आमोण्याच्या पुलावरून नदी ओलांडून खांडोळ्याला उतरले की फोंडा तालुका लागतो. त्याच तालुक्यातील बांदिवडे हे ज्योत्स्नाबाईंचे गाव. जन्म ११ मे १९१४ चा, माहेरचे नाव दुर्गा केळेकर. थोरल्या भगिनी गिरिजाबाई केळेकर याही नामवंत गायिका. गाणे शिकण्यासाठी मुंबईला गेलेल्या गोमंतकीय मुलींच्या त्या पिढीतच दुर्गाही होती. १९३२ मध्ये केशवराव भोळे यांच्याशी तिचा विवाह झाला आणि पुढच्याच वर्षी ‘आंधळ्यांची शाळा’त बिंबाच्या भूमिकेत ती रंगभूमीवर आली. गाणारी मुलगी नाटकात घ्यायची आणि तिला कमी गायला लावायचे, यात नुकसान कोणाचे असे त्या वेळी कोणी विचारले असेल. पण त्या मोजक्या गाण्यांनीच महाराष्ट्राने तिचा आवाज ओळखला. शब्द चघळत न बसता अर्थाला पुढे करणारी जी गायकी पुढे ‘ज्योत्स्नाबाईंची’ म्हणून प्रसिद्ध झाली, तिची पहिली मोठी परीक्षा या दिवाणखान्यात झाली.

गोष्ट येथे संपत नाही. १९४२ मध्ये मो. ग. रांगणेकर यांच्या ‘कुलवधू’त त्या भानुमती झाल्या. नवऱ्यापेक्षा बायकोची कीर्ती आणि मिळकत वाढली तर घरात काय होते, हा त्या नाटकाचा विषय. भानुमती ही सिनेनटी आहे. तिच्यावर इब्सेनच्या नोराची सावली आहे, हे समीक्षकांनी पुष्कळदा दाखवून दिले आहे. म्हणजे नॉर्वेच्या दोन्ही नाटककारांची बीजे ज्या दोन मराठी नाटकांत रुजली, त्या दोन्ही नाटकांत, नऊ वर्षांच्या अंतराने, बांदिवड्याची हीच मुलगी होती. आम्ही गोमंतकीय तिची गाणी अभिमानाने ऐकवतो. या दुसऱ्या गोष्टीची आठवण कार्यक्रमांत कोणी काढल्याचे फारसे ऐकू येत नाही.

‘नाट्यमन्वंतर’ फार काळ टिकले नाही. पण माणसे टिकली आणि शिकलेले विसरली नाहीत. भोळे ‘प्रभात’मध्ये गेले, तेथे त्यांनी ‘अमृतमंथन’, ‘संत तुकाराम’ आणि ‘कुंकू’ या चित्रपटांना संगीत दिले. के. नारायण काळे यांनी ‘माझा मुलगा’ दिग्दर्शित केला. काणेकरांनी ‘माणूस’चे संवाद लिहिले आणि १९४१ मध्ये ‘बाहुलीचे घर’ मराठीत ‘घरकुल’ म्हणून आणले. दाते यांचे १९३७ च्या ‘कुंकू’तले काकासाहेब तर चित्रपट पाहणाऱ्या प्रत्येकाला आठवतात: तरुण मुलीशी फसवून लग्न लावणारा म्हातारा वकील आणि त्याला नवरा मानायला नकार देणारी शांता आपटे यांची नीरा. ‘कुंकू’ हे ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरून घेतलेले, त्याचा नॉर्वेशी संबंध नाही. तरी चार भिंतींच्या घरात, थोड्या गाण्यांत, घड्याळाच्या टोल्यासारख्या साध्या आवाजांतून एका स्त्रीचा नकार उभा करण्याची ती पद्धत या लोकांनी कोठे गिरवली होती, हे सांगायला नको.

आता मूळ प्रश्नाकडे. हातमोजा फेकणे म्हणजे द्वंद्वाचे आव्हान देणे, हा युरोपातील सरदारांचा जुना रिवाज. आपल्याकडे त्याच्या जवळपास जाणारी गोष्ट म्हणजे विडा. पण विडा उचलायचा असतो, तोंडावर फेकायचा नसतो. मुंबईच्या जुलैत हातमोजा घातलेली मुलगी कोणी पाहिलेली नाही. तेव्हा वर्तकांनी वस्तू सोडली आणि नाव दुसरीकडून घेतले. मला हे नाव फार मार्मिक वाटते. आव्हानाचे नाव जाऊन तेथे आंधळेपणाचे आले. आंधळेपण कोणाचे? मुलीचा पाय घसरला तर ज्यांना दहा कोसांवरून दिसते आणि मुलाचा घसरला तर जवळ असून दिसत नाही, त्यांचे. आणि ‘शाळा’ म्हणजे हे आंधळेपण शिकवले जाते, पिढ्यान्‌पिढ्या, घराघरात, बहुधा आईच्याच हातून. ब्यॉर्न्सनच्या नाटकातली गप्प राहिलेली आई या नावात मला दिसते.

मराठी प्रेक्षकांसमोर तोपर्यंत कोणती पत्नी होती? ‘एकच प्याला’ १९१९ चे. त्यातली सिंधू दारुड्या नवऱ्याच्या पायाशी सर्वस्व ओतते आणि प्रेक्षक रुमाल भिजवतात. गडकऱ्यांच्या प्रतिभेविषयी मला शंका नाही. आमच्या भागातील कितीतरी गावांनी सिंधूला आपली लेक मानले आहे, तिच्या प्रवेशाला मंडपात चिटपाखरू हलत नाही. पण सिंधूच्या तोंडी हिशेब मागणारे वाक्य नाही. अवघ्या चौदा वर्षांनी त्याच भाषेत पुरुषालाही तेच माप लावा म्हणणाऱ्या नाटकाचे रूपांतर उभे राहिले. दिवाणखान्याच्या नेपथ्यापेक्षा हा बदल मोठा होता. ‘घराबाहेर’, ‘उद्याचा संसार’ ही अत्रे यांची गंभीर नाटके लगेच पुढच्या दोन-तीन वर्षांत आली, ती या मोकळ्या झालेल्या वाटेवरून.

हे दुहेरी माप केवळ लोकांच्या मनात नव्हते, कायद्याच्या पुस्तकात छापलेले होते. १९३३ च्या मुंबई इलाख्यात हिंदू पुरुषाला एकीवर दुसरी करण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. ती १९४६ मध्ये आली. गोव्याची गोष्ट आणखी स्पष्ट आहे. पोर्तुगीजांच्या १८६७ च्या नागरी संहितेत विभक्त होण्याची कारणे दिली आहेत. तेथे पत्नीचा व्यभिचार हे एकटे कारण पुरेसे धरले आहे. पतीचा व्यभिचार मात्र लोकांत बोभाटा झाला असेल, किंवा त्याने राहत्या घरातच दुसरी बाई आणून ठेवली असेल, अशा अटींनी बांधलेला आहे. दोन माणसे, एकच कृत्य, दोन मापे, आणि तीही कलम घालून. १८८० च्या हुकूमनाम्याने येथील हिंदूंच्या रूढींना जी मान्यता दिली, तीत पत्नीला ठराविक वयापर्यंत मूल वा मुलगा झाला नाही तर पतीला दुसऱ्या लग्नाची मुभा होती. पत्नीसाठी अशी तरतूद कोणाच्या मनातही आली नाही. पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर १९१० च्या घटस्फोटाच्या कायद्याने व्यभिचाराचे माप दोघांना सारखे केले. ब्यॉर्न्सन त्याच वर्षी वारला.

वर्गात मी या नाटकाचे कथानक सांगतो तेव्हा एक गमतीची गोष्ट घडते. ‘बाहुलीचे घर’वर मुले-मुली सुसंस्कृत मते देतात, नोराने घर सोडले ते योग्यच, असे सगळे एका सुरात म्हणतात. ती दूर आहे, परकी आहे. ‘हातमोजा’चे नाव काढले की वर्ग दुभंगतो. मुलगे म्हणतात, लग्नाआधीचे उकरून काय मिळणार? मुली विचारतात, आमचे उकरत नाहीत का? मग सोयरिकीच्या वेळी मुलीची माहिती काढायला तिच्या कॉलेजात कोण कोण येऊन जाते, मोबाईलमधले जुने फोटो कोणाचे तपासले जातात, हे सारे निघते. तास संपल्याची घंटा होते तरी बाके रिकामी होत नाहीत. एकशेचाळीस वर्षांपूर्वीच्या, आपल्या देशातही आता फारसे न वाचल्या जाणाऱ्या नाटककाराला याहून अधिक काय हवे?

कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत आणि गावोगावच्या उत्सवांत दरवर्षी संहितांचा शोध सुरू असतो. नवे नाटक मिळत नाही ही तक्रार तालमीला बसण्याआधीच ऐकू येते. ‘आंधळ्यांची शाळा’ त्या यादीत क्वचितच दिसते. दिसले तर ‘ऐतिहासिक नाटक’ म्हणून, म्हणजे जपून ठेवायची वस्तू म्हणून. करायला ते खर्चाचे नाही. एक दिवाणखाना, दोन दारे, मोजकी पात्रे, थोडी गाणी. वर्तकांच्या संहितेची भाषा नव्वद वर्षांपूर्वीची आहे, तिला हात लावावा लागेल. आजच्या मंडळाने ब्यॉर्न्सनचा इंग्रजी अनुवाद शेजारी ठेवून तालीम करावी, असे मी सुचवीन, कारण दोन शेवटांपैकी कोणता घ्यायचा याचा निर्णय त्यांना करावा लागेल. आमच्या एका हौशी दिग्दर्शकाशी यावर बोलणे झाले. त्याला दिवाणखान्याची चिंता नव्हती, गायिकाही मिळेल म्हणाला. त्याची अडचण वेगळी होती. तोंडावर फेकायला मुलीच्या हातात काय द्यायचे? थोड्या वेळाने त्यानेच विचारले, साखरपुड्याची अंगठी दिली तर चालेल का, पण मग ती फेकल्यावर मंडपातल्या पुढच्या रांगेतल्या बायका काय म्हणतील?